सोबत : धोतरं पाच

मधली वाडी, भाट्ये
२३ नोव्हेंबर १९८६

चि. लवू यास विमलताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर द्यायला उशीर का, असं विचारू नकोस. शाळेच्या वह्या, आईचे गुडघे आणि आता एक समिती, अशा तीन गोष्टी गळ्यात आहेत. समितीचं सांगते.

वाडीच्या वरच्या उंच माळावरचा, सड्यावरचा तो लोखंड ओतायचा कारखाना तू गणपतीला आलास तेव्हा पाहिलास. तू दुपारच्या वेळी पाहिलास, म्हणून तुला तो सज्जन वाटला. दुपारी समुद्रावरचा वारा असतो, धूर डोंगरापलीकडे जातो. पण पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटला की धुराड्यातलं सगळं उतरून आमच्या डोक्यावर येतं. सकाळी उठून बघावं तर तुळशीवर, दोरीवरच्या लुगड्यांवर, पाण्याच्या कळशीवर काळा तेलकट थर. थंडीत जास्त, पण मे महिन्यातही चुकत नाही. तक्रार केली तर रत्नागिरीच्या कचेरीतला माणूस यायचा तो अकरानंतर, आणि तेव्हा आभाळ निळंभोर असतं. आम्ही खोटं बोलतो असंच त्याला वाटतं.

गेल्या मे महिन्यात मांडवीच्या दुकानदाराने आईने ताटांत वाळवलेली आंब्याच्या रसाची साटं परत पाठवली. दाताखाली कचकच लागते, गिऱ्हाईक बोलतं, असं कळवलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. आई चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, पुढल्या मे महिन्यात असंच झालं तर ती रस आटवायची नाही. तुला माहीत आहे, तिच्या मागे वाडीतल्या सहा घरच्या बायका साटं घालतात. तिने हात आखडला की त्याही आखडतील. वैशाखात आपल्या अंगणात साटं नाहीत, हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही.

आता मुद्दा. हवेच्या कायद्याखाली धुराला मर्यादा कुठे घालायची, त्या जागांची कच्ची यादी सरकारने छापली आहे. लोकांनी आणि संस्थांनी हरकती व सूचना पाठवाव्यात असं आवाहन आहे. यादीत शहर आहे, आणि ती खाडीपाशी येऊन थांबते. आपला सडा आणि आपली वाडी बाहेर. म्हणून आम्ही ‘भाट्ये हवा राखण समिती’ काढली. काशीराम आंबेवाला अध्यक्ष, कारण त्याचा मोहोर काळा पडतो. मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं आहे.

हे खातं तुझंच ना रे? काय लिहू, कसं लिहू, ते कळव. चि. सौ. राहीला आशीर्वाद.

तुझी
विमलताई


परळ, मुंबई
२ डिसेंबर १९८६

ती. विमलताईस लवूचा शि. सा. नमस्कार.

खातं माझंच. पण ताई, मी त्यात कोण आहे ते आधी समजून घे. मी आवक-जावकला बसतो. येणाऱ्या कागदावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो आणि पुढच्या टेबलावर ढकलतो. कधी टंकलेखक रजेवर असला तर दौऱ्याचे कार्यक्रम टाइप करतो. महाराष्ट्राची हवा माझ्या हातात नाही, लखोटे आहेत.

म्हणून पहिली विनंती, हरकतीत किंवा पाहणीला कुणी साहेब आले तर त्यांच्यापुढे माझं नाव काढायचं नाही. चिटणीसबाईंचा भाऊ खात्यात आहे असं कारखानेवाल्यांना कळलं तर तुमच्या कागदाची किंमत शून्य होईल आणि माझी बदली चंद्रपूरला. काशीरामदादाला हे तीन वेळा सांग. तो माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्या पोटात तीळ भिजत नाही.

लिहायचं ते एका पानात. ‘जीव नकोसा झाला’ असलं काही नको, तसली दोनशे पत्रं इथे आहेत. किती घरं, किती वाजता, कुठल्या वाऱ्याला, ते लिही. शेवटी ‘समक्ष पाहणी व्हावी’ ही मागणी कर. आईच्या साटांचं घालू नकोस. वाईट वाटून घेऊ नकोस, पण सरकारला साटं समजत नाहीत. त्याला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं.

आईला सांग, गुडघ्यांना तेल चोळायचं, फक्त बाटली फडताळात ठेवून बरं वाटत नाही.

तुझा
लवू


परळ, ५ जानेवारी १९८७

ती. ताईस नमस्कार.

तुमची हरकत पोचली. शिक्का माझ्याच हाताने मारला, जरा ठळक मारला. पाहणी मंजूर झाली आहे. सोळा जानेवारी, सकाळी साडेसात वाजता. वेळ पुन्हा वाच. साडेसात. साहेब मुक्कामाला आदल्या दिवशीच रत्नागिरीत येतील. बाकी कार्डावर जास्त लिहीत नाही.

लवू


मधली वाडी
१८ जानेवारी १९८७

चि. लवू यास अनेक आशीर्वाद.

साहेब येऊन गेले. इतकं चांगलं झालं की तुला कधी लिहिते असं झालं होतं.

बरोब्बर साडेसातला जीप आली. साहेब वयाने लहानच, पण माणूस अदबीचा. वहाणा अंगणाबाहेर काढायला लागले, मीच नको म्हटलं. आणि लवू, वाडी अशी दिसत होती की मलाच ओळखू येईना. साहेब येणार म्हणून बायका उजाडायच्या आत उठलेल्या. सगळी अंगणं झाडून, शेणाने सारवून, वर रांगोळ्या. शेजारच्या यमुनाबाईने तर पायऱ्या, ओटा, खिडक्यांचे गज, सगळं घासून काढलं. तुळशीची पानं पाण्याने पुसली. काशीरामने रस्त्यालगतच्या कलमांवर पंपाने पाणी मारलं. मुंबईचा साहेब पहिल्यांदा आपल्या वाडीत यायचा, त्याला घाणीत कसं बसवायचं?

साहेबांनी सगळीकडे फिरून पाहिलं. गजांवरून बोट फिरवलं, कलमांची पानं उलटसुलट केली, वहीत लिहून घेतलं. मी धुराबद्दल सगळं सांगितलं, धुराडं दाखवलं. धूर त्या वेळी दिसतही होता. त्यांनी मान हलवली. मग आपल्याकडे पोहे आणि चहा झाला. आईने मागच्या वर्षातलं दडपून ठेवलेलं एक साट काढलं, पण कचकचेल म्हणून दिलं नाही, परत ठेवलं. जाताना साहेब म्हणाले, “बाई, इतकी स्वच्छ वस्ती मी जिल्ह्यात दुसरी पाहिली नाही.” काशीराम अजून ते वाक्य प्रत्येकाला ऐकवत फिरतोय.

मला वाटतं काम झालं. तुझा शिक्का ठळक होता त्याचा गुण.

तुझी
विमलताई


परळ, मुंबई
२७ जानेवारी १९८७

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र दोन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा डोकं धरून बसलो. आज साहेबांचा अहवाल माझ्या टेबलावरून गेला. मला दाखवायची परवानगी नाही, पण त्यातल्या दोन ओळी तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. ‘समक्ष पाहणीत वस्तीत, झाडांवर अथवा घरांवर काजळीचा थर आढळून आला नाही. वस्ती अत्यंत स्वच्छ असून तक्रारीत तथ्य दिसत नाही.’

ताई, साहेब खोटं लिहीत नाहीत. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. तुम्ही पुरावा झाडून टाकलात. शेणाने सारवलात. त्याच्यावर रांगोळी काढलीत.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायची नव्हती. साहेबांचा कार्यक्रम दुपारी तीनचा होता. टंकलेखक रजेवर होता, तो कागद माझ्याकडे आला. मी तीनच्या जागी सकाळचे साडेसात टाइप केले आणि सहीला पाठवला. साहेबांनी न बघता सही केली. मतलई वाऱ्याच्या वेळी त्यांनी तिथे असावं एवढंच माझ्या मनात होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत मी कागदावर एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला नव्हता. ते केलं, आणि तुम्ही साडेसातच्या आधी उठून वाडी पुसलीत.

मला राग आला आहे. तुझ्यावर नाही म्हणायला हवं, पण तुझ्यावरच आला आहे. तू शिकलेली, तू चिटणीस. तुला तरी त्या बायकांना थांबवता आलं नाही?

लवू


मधली वाडी
२ फेब्रुवारी १९८७

चि. लवू यास आशीर्वाद.

तू रागावलास ते बरोबर आहे. तुझं पत्र मी शाळेत वाचलं आणि पुढचा तास मुलांना शुद्धलेखन घालून खिडकीपाशी उभी राहिले. त्या खिडकीच्या गजावर बोट काळं होईल असा थर होता. आज कुणी साहेब नव्हता, म्हणून होता.

मी तुला लिहिलं तेव्हा एक गोष्ट वगळली. बायका उजाडायच्या आत उठल्या असं लिहिलं. त्यांच्या आधी मी उठले होते. आदल्या दिवशी समितीत मीच सांगितलं होतं की कुणी काही झाडू नका, आहे तसं राहू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोळाच्या पहाटे मी दार उघडलं. तुळशीवर, ओट्यावर, आईच्या पाटावर काळं काळं पसरलेलं. दीड तासात परका माणूस यायचा. मी स्वतःला सांगितलं, फक्त तुळस पुसते. तुळस पुसली, मग वृंदावन, मग ओटा. मग हातात खराटा कधी आला ते कळलंच नाही. खराट्याचा आवाज ऐकून यमुनाबाई बाहेर आली. बाईच झाडतायत म्हटल्यावर तिनेही खराटा घेतला. तिचं पाहून पुढचीने. वाडीत पहिला खराटा माझा होता, लवू. मला त्याची लाज वाटते, आणि खरं सांगू, त्या पहाटे न झाडता राहिले असते तरी लाज वाटली असती. पाहुण्यासमोर घर काळं ठेवायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

वाईट त्याचं वाटतं की तू एवढी जोखीम घेतलीस आणि मला ती कळलीही नाही. कार्डावर ‘साडेसात’ दोनदा का लिहिलंस ते आत्ता उमजलं.

आईला मी सगळं वाचून दाखवलं, तुझ्या टाइप करण्याचं सोडून. ती म्हणाली, “सरकार कपडा बघतो काय गो?” मी विचारलं कसला कपडा, तर उठून गेली.

अठरा तारखेला रत्नागिरीत कचेरीत सुनावणी आहे. समितीला बोलावणं आलं आहे. माझ्याजवळ न्यायला काही नाही.

विमलताई


परळ, ९ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

माझं मागचं पत्र फाडून टाक. राहीने वाचलं आणि मला विचारलं, आपल्याकडे पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही गेल्या रविवारी पंखा कशाला पुसत होतात?

एक सांगतो. अहवाल अजून अंतिम नाही. सुनावणीत संस्थेने नवीन काही हजर केलं तर ते नोंदून घ्यावंच लागतं, नाकारता येत नाही. पण काय हजर कराल ते मला सुचत नाही. रिकाम्या हाताने जावं लागलं तरी जा. गेलं नाही तर ‘हरकतदार गैरहजर’ एवढंच उरतं.

लवू


मधली वाडी
२० फेब्रुवारी १९८७

चि. लवू यास अनेक आशीर्वाद.

सुनावणी झाली. या वेळी मी तुला सगळं लिहिते, काही वगळत नाही.

सतरा तारखेला संध्याकाळी आईने पत्र्याची पेटी उघडली. तळातून एक गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत आपल्या वडिलांची, दादांची धोतरं. तुला आठवतं, ब्याऐंशी साली तुझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा दादांनी बाजारातून एकाच ताग्यातली पाच धोतरं आणली होती. चार नेसायला काढली आणि एक तुझ्या लग्नात नेसायचं म्हणून घडी मोडली नाही. कार्तिकात ते गेले. पुढच्या मे महिन्यापासून आई दर वर्षी एक धोतर साटांवर पसरायला घ्यायची. हंगाम संपला की धुऊन ठेवायची. मला वाटायचं ती जपून ठेवते. तसं नव्हतं. धुऊन निघायची नाहीत, म्हणून लोकांना दिसू नयेत अशी पेटीच्या तळाला घालायची. सोड्यात उकळली तरी डाग गेले नाहीत, म्हणाली.

मी ती चार धोतरं ओट्यावर ओळीने पसरली. त्र्याऐंशीचं पिवळट, आंब्याच्या रसाचे डाग आणि थोडी राखेची छटा. त्या साली कारखाना नुकता सुरू झाला होता. चौऱ्याऐंशीचं करडं. पंच्याऐंशीचं त्याहून गडद. शहाऐंशीचं मधोमध काळं, आणि त्यात ताटांचे गोल गोल ठसे. चार वर्षं आई ते आमच्यापासून लपवत होती, आणि आम्ही पुरावा शोधत होतो.

कचेरीत समितीकडून काशीराम, मी आणि आई. पलीकडे कारखान्याचे एक अधिकारी आणि त्यांचे वकील. मधे ते आपले साहेब आणि त्यांच्या वरचे एक, चष्मेवाले. काशीरामने दोन वाक्यं बोलून रुमालाने तोंड पुसलं. मग मी धोतरं टेबलावर मांडली. चष्मेवाल्यांनी विचारलं कुठलं कुठल्या वर्षाचं ते कशावरून. आई पुढे झाली. हे त्र्याऐंशीचं, कारण त्या साली यमुनेच्या वासराने कोपरा खाल्ला. हे चौऱ्याऐंशीचं, निखारा उडून भोक पडलं, त्याच दिवशी लवूचं लग्न ठरल्याचं पत्र आलं. अशी प्रत्येकाची जन्मकथा तिने सांगितली. चष्मेवाले हसले नाहीत. “आजी, कोपऱ्यावर तारीख घातली असती तर फार बरं झालं असतं,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यात वकील बोलला. म्हणाला, जुनं कापड आहे, वापरातलं आहे, काळवंडणारच. घरात चूल आहे. यात कारखान्याचा काय संबंध? मला वाटलं संपलं.

आईने पिशवीत हात घातला. मला माहीत नव्हतं तिने ते आणलं आहे. पाचवं धोतर. दादांनी घातलेली घडी तशीच. तिने ते चारांच्या शेजारी ठेवलं आणि घडी मोडली. पांढरंशुभ्र, खळीचा वास अजून होता.

“ह्या पन तेवढाच जुना हाय,” ती म्हणाली. “एका ताग्यातला, एका दिवशी आणलेला, एकाच घरात ऱ्हायलेला. फरक इतकाच, ह्या पेटीत व्हता आनि ती वाऱ्यावर व्हती.”

मग आपले साहेब, तेच अदबीचे, उठून आले. त्यांनी पांढऱ्यावरून बोट फिरवलं, मग शहाऐंशीच्यावरून. बोट बघितलं. चष्मेवाल्यांना म्हणाले, माझ्या पाहणीच्या दिवशी वस्ती झाडलेली होती, हे मी अहवालात जोडू इच्छितो. मला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं.

धोतरं पुरावा म्हणून जोडायची ठरलं. चार पुरेत का, असं आईने विचारलं. ते म्हणाले, पाचव्याशिवाय चाराला अर्थ नाही. आईने पुन्हा घडी घातली. दादांची घडी जशी होती तशीच घालायला बघत होती, तिला साधेना. तीन वेळा मोडून घातली. मग दिली.

येताना एसटीत ती रडली. मीही रडले. काशीराम खिडकीबाहेर बघत बसला होता.

तुझी
विमलताई


परळ, मुंबई
१२ मार्च १९८७

ती. ताईस आणि आईस शि. सा. नमस्कार.

परवा रत्नागिरीहून फाइल आली. वर सुतळी बांधलेलं पार्सल. कागदावर लिहिलेलं, ‘सोबत : धोतरं पाच’. आमच्या खात्यात नियम आहे, सोबत आलेल्या प्रत्येक वस्तूवर आवक शिक्का आणि क्रमांक पडला पाहिजे. नाहीतर ती वस्तू कागदोपत्री आलीच नाही असं धरतात.

चारांवर मारला. प्रत्येक डाग मी ओळखत नव्हतो, पण कापड ओळखलं. पाचवं हातात घेतलं तेव्हा शेजारचा म्हणाला, पाटकर, हे तर कोरं दिसतंय, चुकून आलं काय? मी म्हटलं, नाही, हेच मुख्य आहे.

ताई, ते धोतर माझ्या लग्नात दादांच्या अंगावर असायचं होतं. ते तसंच बॅगेत घालून घरी न्यावं असा विचार माझ्या मनात आला, तुझ्यापासून लपवत नाही. दुसरं एखादं पांढरं कापड मिळालं असतं. कुणाला कळलं नसतं. पण आईने जे दिलं ते बदलायचा अधिकार मला कुणी दिला? शिक्का उचलला, कोपऱ्यावर मारला, हात स्थिर ठेवून मारला. आवक क्रमांक २२१७. मग पाणी प्यायला गेलो तो जरा वेळाने आलो.

त्या वेळी मी तुला लिहिलं होतं की साटांचं घालू नकोस, सरकारला साटं समजत नाहीत. ते चूक होतं.

आपला
लवू


परळ, २४ एप्रिल १९८७

ती. ताई,

राजपत्र निघालं. यादीत ‘मौजे भाट्ये, मधली वाडीसह सडा’ अशी ओळ आहे. मी तीन वेळा वाचली. कारखान्याला धुराड्यावर गाळणी बसवायला आणि धुराची मोजणी द्यायला एक वर्षाची मुदत मिळाली आहे. म्हणजे या मे महिन्यात काही फरक पडणार नाही, पुढच्या पडावा. वर्षभर लक्ष ठेवायचं काम तुमच्या समितीचंच, ते सरकार करणार नाही. दर महिन्याला नोंदी पाठवा, इथे त्यांना क्रमांक पडेल.

धोतरं परत मिळतील का, म्हणून विचारलं. नाही म्हणाले. प्रकरण बंद झालं तरी पुरावा दप्तरातच राहतो. आईला कसं सांगशील ते तूच ठरव.

लवू


मधली वाडी
३० एप्रिल १९८७

चि. लवू यास आशीर्वाद.

काशीरामने वाडीत पेढे वाटले. आईला धोतरांचं सांगितलं. ती म्हणाली, दादांना सरकारी नोकरी कधी मिळाली नाही, आता धोतराला मिळाली. मग आत जाऊन बसली.

आता तिचं म्हणणं, जसं सांगितलं तसं लिहिते. ‘यंदा साटं घालणार. पण वर पसरायला कापड नाही. लवूचं एखादं धोतर असेल तर धाड म्हणावं. पातळ असावं.’ मी म्हटलं, लवू धोतर कधी नेसतो? तर म्हणाली, एकदा नेसला होता.

विमलताई


मधली वाडी
१७ मे १९८७

चि. लवू आणि चि. सौ. राही यांस अनेक आशीर्वाद.

धोतर पोचलं. लग्नातलंच पाठवलंस हे बघून आईने ते आधी छातीशी धरलं. राहीने कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने छोटं फूल घातलं आहे, तेही आईने सगळ्या बायकांना दाखवलं.

परवा पहिला घाणा झाला. ताटांना तूप लावून रस पसरला, वर तुझं धोतर. सहाही घरांत साटं पडली आहेत. आंबा यंदा गोड आहे.

काल पहाटे मतलई वारा होता. आईने सकाळी धोतर काढलं आणि उजेडात धरलं. मधे करडी छटा होती, ठसे दिसत होते. कारखाना अजून तसाच आहे, गाळणी यायची आहे. यमुनाबाई लगेच बादली घेऊन आली, म्हणाली, दे गो, आत्ताच भिजत घालू, मग निघायचा नाय. आईचा हातही पुढे गेला. डाग दिसला की तो हात थांबत नाही, तुला माहीत आहे. अंगठ्याने तिने त्या करड्यावर एकदा घासलंसुद्धा.

मग तिने धोतर मागे घेतलं. यमुनाबाईला म्हणाली, “बादली नेऊन ठेव.” आणि मला म्हणाली, “इमल, तुजी ती न जाणारी शाई आण. कोपऱ्यावर आजची तारीख घाल. फुलाच्या बाजूक नको, दुसऱ्या कोपऱ्यावर.”

मी घातली. सोळा मे. अक्षर चांगलं आलं आहे.

तुझी
विमलताई